एल्डन रिंग मधेच अटकतो, सुरळीत होतो, पुन्हा अटकतो: नेमकं काय बघायचं

तक्रार बहुतेकांची एकच असते. एल्डन रिंग हा गेम पीसीवर टाकला, पहिला तास झटके खात गेला, मग बरा चालला. काही दिवसांनी पुन्हा झटके. कुणीतरी सांगितलेली एखादी सेटिंग बदलली, फरक पडल्यासारखं वाटलं. मग एक ड्रायव्हर अपडेट आला आणि सगळं मूळपदावर. शेवटी वैतागून माणूस विंडोज पुसून नव्याने टाकतो, आणि त्याच संध्याकाळी लिमग्रेव्हच्या, म्हणजे गेममधल्या पहिल्याच प्रदेशाच्या, माळावर घोडा दौडता दौडता चित्र पुन्हा थिजतं.

या दुखण्यावर शंभर उपाय सांगितले जातात आणि गंमत म्हणजे त्यातले बरेच खरे आहेत, फक्त ते वेगवेगळ्या आजारांचे आहेत. आपण सगळ्याला 'अटकतो' म्हणून मोकळे होतो. पण पहिल्यांदाच दिसणाऱ्या जागेवर एकदा बसणारा झटका, दर काही सेकंदांनी ठेका धरल्यासारखा येणारा झटका आणि पाऊण तासाने हळूहळू मंदावत जाणारा गेम, ही तीन वेगळी प्रकरणं आहेत. म्हणून आधी उपाय नको. गेम कधी अटकतो ते आधी बघू.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे अपेक्षा जमिनीवर राहतील. या अटकण्यातला काही भाग तुमच्या मशीनचा नाहीच. गेम बनवणाऱ्या फ्रॉमसॉफ्टवेअरने जून २०१९ मध्ये तो जाहीर केला, पुढे बराच काळ चिडीचूप शांतता, मग २१ जानेवारी २०२२ ही तारीख, ती पुढे ढकलून २५ फेब्रुवारी २०२२. एवढी वाट पाहायला लावलेला गेम आला तेव्हा समीक्षकांनी डोक्यावर घेतला, पण स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानावर पहिल्या दिवशीचे शेरे संमिश्र होते, आणि त्याचं मुख्य कारण पीसीवरचं हे अटकणंच होतं. पॅच येत गेले, परिस्थिती सुधारली, पूर्ण बरी झाली नाही. महागड्यातलं महाग ग्राफिक्स कार्ड लावूनही एखादा झटका बसतोच. तेव्हा फक्त या कारणासाठी नवं कार्ड घेणार असाल तर पैसे खिशातच ठेवा.

सेव्हची प्रत आधी

काहीही बदलायच्या आधी हे करा. विंडोजमध्ये तुमच्या युजर फोल्डरच्या आत ॲपडेटा, त्यात रोमिंग, त्यात एल्डनरिंग नावाचं फोल्डर असतं. ॲपडेटा सहसा लपवलेलं असतं, म्हणून फाईल एक्सप्लोररच्या व्ह्यू मेनूतून लपलेल्या गोष्टी दाखवायला सांगा. आत आकडेच आकडे असलेल्या नावाचं एक फोल्डर दिसेल, तो तुमचा स्टीमचा क्रमांक. त्यात एसएल२ शेपटीची फाईल म्हणजे तुमचा सगळा संसार: सगळी पात्रं, सगळे रून्स (गेममधलं चलन), सगळं. अख्खं फोल्डर उचलून दुसऱ्या ड्राइव्हवर किंवा पेनड्राइव्हवर टाका.

हा गेम सतत आपोआप सेव्ह करत असतो. डेस्कटॉपला यूपीएस नसेल आणि नेमकी लिहिण्याच्या क्षणी लाईट गेली तर फाईल खराब होऊ शकते. त्याच फोल्डरमध्ये गेम स्वतःही एक बॅक-अप फाईल ठेवतो, मूळ नावापुढे बीएके लावलेली. मूळ फाईल बाजूला काढून या फाईलच्या नावातली बीएके ही शेपटी काढली की पुष्कळदा गाडं पुन्हा सुरू होतं. तेवढ्यापुरतं स्टीम क्लाउड (सेव्हची इंटरनेटवर प्रत ठेवणारी सोय) बंद ठेवा, नाहीतर तो खराब फाईलच परत आणून बसवेल.

एकच फेरी, दोनदा

एलेच्या चर्चजवळच्या साइट ऑफ ग्रेसवरून (विसाव्याच्या जागेवरून) निघा, टॉरेंट या तुमच्या घोड्यावर बसा आणि झाडीतून उत्तरेला गेटफ्रंटच्या भग्नावशेषांपर्यंत दौडत जा. वाटेत सैनिक आहेत, गवत आहे, झाडं आहेत, म्हणजे गेमला काम पुरेसं मिळतं. ट्री सेंटिनेलच्या वाटेला जाऊ नका, सोन्याचा तो घोडेस्वार तपासणीपेक्षा जास्त वेळ खाईल. गेटफ्रंटला पोचलात की नकाशातून परत चर्चला या आणि गेम बंद न करता तीच वाट पुन्हा तुडवा.

जमलं तर एमएसआय आफ्टरबर्नर हे कार्डावर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर लावून फ्रेम टाइमचा आलेख पडद्यावर ठेवा. नुसता एफपीएसचा, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम याचा, आकडा फसवतो. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे एका फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद. शेकडो फ्रेम वेळेत आल्या आणि एकीनेच पाव सेकंद घेतला, तर सरासरी अजूनही देखणी दिसते, पण लोळण घ्यायचं बटण तुम्ही नेमकं त्या पाव सेकंदात दाबलेलं असतं. मार्गिटसारख्या बॉससमोर तेवढ्यावर जीव जातो. आलेखात असा झटका उंच सुळक्यासारखा उठून दिसतो.

आता दोन्ही फेऱ्यांची तुलना करा.

दुसरी फेरी साफ गेली तर

तर तुमचं प्रकरण शेडरचं आहे, आणि पुन्हा पुन्हा उलटण्याचं कोडं बहुतेक इथेच सुटतं.

पडद्यावरची प्रत्येक गोष्ट, मग ते गवत असो, धूर असो की ड्रॅगनच्या तोंडातली आग, रंगवण्यासाठी ग्राफिक्स कार्डला छोटे छोटे प्रोग्रॅम लागतात. ते शेडर. ते तुमच्या कार्डाच्या आणि ड्रायव्हरच्या भाषेत आधी तयार करावे लागतात. कन्सोलवर सगळ्यांचं हार्डवेअर सारखंच, त्यामुळे तिथे ते तयार होऊनच येतात. पीसीवर प्रत्येकाचं कार्ड वेगळं. काही गेम सुरुवातीलाच 'शेडर तयार होत आहेत' असा पडदा दाखवून पाच-दहा मिनिटं घेतात आणि पुढे त्रास देत नाहीत. एल्डन रिंगमध्ये असा पडदा नाही. नवी गोष्ट समोर आली की त्या क्षणी तिचा शेडर तयार होतो. पाहुणा पानावर बसल्यावर कणीक मळायला घ्यावी तसं. एकदा तयार झाला की तो डिस्कवर साठवला जातो, म्हणून दुसऱ्या फेरीत झटका नाही.

मग पंधरवड्याने तो परत का येतो? कारण हा साठा पुसला जातो. ग्राफिक्स ड्रायव्हर बदलला की जुने शेडर बाद होतात. गेमचा मोठा पॅच आला की काही भाग पुन्हा तयार करावा लागतो. आणि तिसरं कारण आपलं आपणच घडवतो: सफाई. विंडोजच्या डिस्क क्लीनअपमध्ये 'डायरेक्टएक्स शेडर कॅश' अशी एक चौकट असते. दर आठवड्याला पीसी 'स्वच्छ' करणारी मंडळी तीही टिचकी मारून ठेवतात. जागा वाचवणारी बाहेरची ॲपही तेच करतात. 'कॅश साफ करा, गेम पळेल' हा सल्ला फोनवरून इथे आला असावा. इथे तो बरोबर उलटा पडतो. एएमडीच्या सॉफ्टवेअरमध्ये शेडर कॅश रीसेट करायचं बटण आहे. चित्रात विचित्र रंग किंवा तुटके आकार दिसू लागले तरच ते दाबावं, एरवी हात लावू नये.

करायचं ते एवढं. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये 'मॅनेज थ्रीडी सेटिंग्ज'मध्ये 'शेडर कॅश साइझ' शोधा आणि ती १० जीबी किंवा त्याहून जास्त करा. हा साठा सी ड्राइव्हवर राहतो. गेम डी ड्राइव्हवर टाकला म्हणून सी लाल होईपर्यंत भरून ठेवू नका. सफाईच्या यादीतली ती टिचकी काढा. आणि गेम चांगला चालत असेल तर दर नव्या ड्रायव्हरमागे धावू नका. नवा टाकलाच, तर पहिली संध्याकाळ मोठ्या बॉसवर घालवू नका. आधी ओळखीच्या प्रदेशात भटका, लिमग्रेव्ह, लिउर्निया, केलिडची एक चक्कर, हातातल्या मंत्रांचा एकेकदा वापर. साठा पुन्हा भरतो आणि मग रणांगणात उतरता येतं.

आता मघाशी म्हटलं तो भाग, जो आपल्या हातात नाही. स्टीम डेक हे हातात धरून खेळायचं यंत्र बाजारात आलं ते याच गेमच्या सुमारास. त्यावर एल्डन रिंग नीट चालावा म्हणून व्हॉल्व्हचे, म्हणजे स्टीमवाल्या कंपनीचे, अभियंते खोलात गेले. त्यांना आढळलं की मोठे झटके फक्त शेडरचे नाहीत. काही ठिकाणी हा गेम एकदम हजारो कमांड बफर (कार्डाला द्यायच्या सूचनांचे गठ्ठे) आणि तत्सम गोष्टी तयार करायला काढतो आणि मेमरी सांभाळणाऱ्या व्यवस्थेची तारांबळ उडते. त्यांनी लिनक्सच्या बाजूने प्रोटॉनमध्ये, म्हणजे विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, त्यावर तोड काढली, त्यामुळे काही काळ गंमतशीर चित्र होतं: विंडोजसाठी बनवलेला गेम हातात मावणाऱ्या लिनक्स यंत्रावर महागड्या विंडोज पीसीपेक्षा कमी अडखळत होता. तेव्हा त्याच जागी, सगळं करूनही, एखादा लहान धक्का उरला तर तो सोडून द्या.

दोन्ही फेऱ्यांत त्याच त्याच जागी

घोडा जोरात दौडत असताना, विशेषतः एका प्रदेशातून दुसऱ्यात जाताना झटका बसतो, आणि दुसऱ्या वेळीही तिथेच बसतो. इथे संशय डिस्क आणि रॅमवर. हा प्रदेश तुकड्यातुकड्याने आत ओढला जातो आणि टॉरेंट चालणाऱ्या माणसापेक्षा फार वेगाने नवे तुकडे मागतो.

गेम जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर असेल तर पुढचं वाचायची गरज नाही. तो एसएसडीवर हलवा. साधी साटा एसएसडीही चालते, महागडी एनव्हीएमईच हवी असं काही नाही. मूळ गेमलाच ६० जीबी लागतात, विस्तार घेतला असेल तर त्याहून जास्त, तेव्हा २५६ जीबीच्या एकुलत्या एक ड्राइव्हवर ओढाताण होणारच. स्टीममधून 'इन्स्टॉल्ड फाईल्स'मध्ये जाऊन 'मूव्ह' केलं की पुन्हा डाउनलोड करावं लागत नाही.

रॅमचं प्रकरण आपल्याकडे जास्त दिसतं. या गेमची किमान गरज १२ जीबी आहे, सुचवलेली १६. आपल्याकडे वर्षानुवर्षं 'गेमिंग लॅपटॉप' म्हणून खपलेल्या मशीनमध्ये ८ जीबीची एकच पट्टी असते, त्यातून प्रोसेसरमधलं अंगचं ग्राफिक्स स्वतःचा वाटा काढून घेतं. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी उघडा. 'स्लॉट्स यूज्ड' पुढे '१ ऑफ २' दिसलं तर एक घर रिकामं आहे. तिथे तेवढ्याच क्षमतेची, त्याच वेगाची दुसरी पट्टी बसवणं हा या सगळ्यातला मला सर्वांत पैसा वसूल वाटणारा उपाय. क्षमता तर वाढतेच, शिवाय दोन पट्ट्या जोडीने काम करू लागल्या की प्रोसेसरला माहिती मिळण्याचा वेग वाढतो, आणि या गेममध्ये तो फरक हाताला जाणवतो. वॉरंटीत असेल तर दुकानात आधी विचारून घ्या.

तोवर क्रोम पूर्ण बंद ठेवा, आणि कुणाचं ऐकून व्हर्च्युअल मेमरी (रॅम भरली की डिस्कवर वापरायची जागा, म्हणजेच पेजफाईल) शून्य केली असेल तर ती पुन्हा 'सिस्टीमने सांभाळावी' वर टाका. रॅम कमी आणि पेजफाईलही नाही, अशा मशीनवर हा गेम अटकत नाही, सरळ डेस्कटॉपवर फेकून देतो.

गेमच्या आत 'ऑटो-डिटेक्ट बेस्ट रेंडरिंग सेटिंग्ज' बंद करा. ते चालू असलं की तुम्ही केलेल्या बदलांवर गेम आपलं मत लादू शकतो. ४ जीबीच्या कार्डावर टेक्श्चर मीडियमवर आणा. या एका सेटिंगचा संबंध थेट कार्डाच्या मेमरीशी आहे. गवत, सावल्या, व्हॉल्युमेट्रिक आणि ग्लोबल इल्युमिनेशन एकेक पायरी खाली. गवत कमी केल्याने केलिडची भीती कमी होत नाही, काळजी नको. यादीत 'शेडर क्वालिटी' नावाचीही एक ओळ आहे. वर सांगितलेल्या शेडरच्या साठ्याशी तिचा संबंध नाही, ती फक्त चित्राच्या दर्जाची आहे.

सुरुवातीपासूनच मंद, झटका असा नाही

तीन गोष्टी बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

पहिली रे ट्रेसिंग. मार्च २०२३ मध्ये ते या गेममध्ये आलं आणि दिसण्यात जेवढी भर घालतं त्यापेक्षा कितीतरी जास्त ताण देतं. जून २०२४ मध्ये शॅडो ऑफ द एर्डट्री हा विस्तार आला, त्यानंतरच्या पॅचसोबत खुद्द गेम बनवणाऱ्यांनीच कळवलं होतं की जुन्या आवृत्तीतलं सेव्ह उघडलं तर रे ट्रेसिंग आपोआप चालू झालेलं असू शकतं. म्हणजे तुम्ही कधी हात लावलेला नसला तरी. ग्राफिक्सच्या यादीत जाऊन 'रे ट्रेसिंग क्वालिटी' बंद आहे ना, हे डोळ्यांनी बघा.

दुसरी, गेम चुकीच्या चिपवर चालतोय का. लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स असतात. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टीम, डिस्प्ले, ग्राफिक्स इथे जाऊन एल्डन रिंगची फाईल जोडा आणि 'हाय परफॉर्मन्स' निवडा. डेस्कटॉपवाल्यांनी मागे वाकून एचडीएमआयची केबल मदरबोर्डला लावलीय की कार्डाला, ते बघावं. हसू नका, हे फार घरांत सापडतं.

तिसरी, वीज. लॅपटॉप चार्जरवरून निघून बॅटरीवर गेला की कार्डाची ताकद कमी केली जाते, आणि एनव्हिडियाचं बॅटरी बूस्ट चालू असेल तर फ्रेम अनेकदा ३० वर बांधल्या जातात. लोडशेडिंगमध्ये खेळणाऱ्यांना हा अनुभव नेहमीचा, पण कारण लक्षात येत नाही, कारण पडदा तर चालूच असतो. मूळ चार्जरऐवजी कमी वॅटचा टाइप-सी चार्जर लावला तरी साधारण तोच प्रकार.

पाऊण तासाने हळूहळू

चर्चपासून गेटफ्रंटची फेरी सुरुवातीला छान, तासाभराने तीच फेरी रडतखडत. हा उष्मा. प्रोसेसर किंवा कार्ड ठरावीक तापमानाला पोचलं की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतं. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात खोलीतली हवाच एवढी तापलेली असते की पंख्याने गार हवा कुठून आणायची? हिवाळ्यात गेलेलं दुखणं उन्हाळ्यात उलटतं, आणि लोक त्या महिन्यातल्या पॅचला दोष देतात.

आफ्टरबर्नरमध्ये तापमान आणि क्लॉक (चिपचा वेग) दोन्ही एकाच वेळी बघा. तापमान वर जाऊन थांबलं आणि त्याच क्षणी क्लॉक खाली आला, तर निदान झालं. लॅपटॉप गादीवरून उचला, मागची बाजू दोन बोटं वर करा, जाळीतली धूळ काढा. दोन-तीन वर्षं जुनं मशीन असेल तर थर्मल पेस्ट बदलून घ्या.

लॅपटॉपवर आणखी एक युक्ती उपयोगी पडते. पॉवर ऑप्शन्सच्या प्रगत भागात 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' १०० वरून ९९ टक्के करा. त्याने प्रोसेसरचं टर्बो (गरजेला वेग वाढवणं) बंद होतं आणि तापमान लक्षणीय उतरतं. हा गेम ६० फ्रेमच्या वर जातच नाही, त्यामुळे बऱ्यापैकी नव्या प्रोसेसरला टर्बोची उणीव भासत नाही. जुना किंवा कमी ताकदीचा असेल तर मात्र फ्रेम पडतील. मग ते परत १०० करा आणि त्याऐवजी फ्रेम ४५ किंवा ३० वर बांधा. एकसारख्या ३० फ्रेम हाताला ६० आणि ३५ मधल्या हिंदोळ्यापेक्षा बऱ्या लागतात. लोळणीचा अंदाज बसतो.

ठेका धरून येणारा झटका

उभे राहा, काही करू नका, नुसता एर्डट्री, तो सोनेरी वृक्ष, न्याहाळत बसा. तरीही दर काही सेकंदांनी टिच्च झटका येतोय? मग गेमचा दोष कमी आणि मागे चालणाऱ्या गोष्टींचा जास्त.

सगळ्यात आधी माऊसचं सॉफ्टवेअर बंद करा. दिवे, बटणं, प्रोफाइल सांभाळणारी जी ॲप माऊससोबत येतात, ती बंद केल्याने कामगिरी सुधारू शकते, असं त्याच जून २०२४ च्या सुमारास गेम बनवणाऱ्यांकडूनच सांगण्यात आलं होतं. माऊसचा पोलिंग रेट (सेकंदाला किती वेळा तो पीसीला कळवतो) १००० असेल तर ५०० किंवा १२५ करून बघा. मग डिस्कॉर्डचा ओव्हरले (गेमवर तरंगणारी खिडकी), एनव्हिडियाचा ओव्हरले, विंडोजच्या गेम बारचं मागच्या मागे चालणारं रेकॉर्डिंग, कीबोर्डच्या रोषणाईचं ॲप, एकेक करून. सगळं एकदम बंद केलं तर फरक पडेल, पण गुन्हेगार कळणार नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा सगळं शोधावं लागेल.

एक उपाय खेळाडूंमध्ये फार फिरतो: डिव्हाइस मॅनेजरमध्ये सॉफ्टवेअर डिव्हाइसेसखाली 'मायक्रोसॉफ्ट डिव्हाइस असोसिएशन रूट एन्युमरेटर' नावाची ओळ असते, ती डिसेबल करायची. बऱ्याच जणांना याने फरक पडला, बऱ्याच जणांना अजिबात नाही. मी तो मंत्र म्हणून सांगणार नाही. ठेक्याचा झटका असेल आणि वरचं सगळं करून झालं असेल तर करून बघा. फरक नाही पडला तर लगेच पुन्हा इनेबल करा. शेडरच्या किंवा उष्म्याच्या दुखण्यावर याचा काही उपयोग नाही, आणि तिथेच लोक तो सर्वांत जास्त वापरतात.

आलेख सपाट, तरी डोळ्याला खटकतं

याकडे फार कमी लोक बघतात. फ्रेम टाइमचा आलेख सरळ रेषेत, ६० चा आकडा स्थिर, तरी कॅमेरा फिरवला की दृश्य थरथरल्यासारखं सरकतं. तुमचा पडदा १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र ताजं करणारा, आहे का? गेम ६० वर बांधलेला. १४४ ला ६० ने पूर्ण भाग जात नाही, उत्तर २.४ येतं. म्हणजे एखादी फ्रेम पडद्यावर दोन वेळा दाखवली जाते, एखादी तीन वेळा, आणि डोळ्याला तो लंगडेपणा कळतो. बॉर्डरलेस विंडोमध्ये खेळणाऱ्यांना हे जास्त जाणवतं. मॉनिटरला जी-सिंक किंवा फ्रीसिंक (पडद्याचा वेग गेमच्या फ्रेमशी जुळवणारी सोय) असेल तर ते चालू करा. नसेल तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमधून पडदा १२० किंवा सरळ ६० हर्ट्झवर आणा. १२० मध्ये प्रत्येक फ्रेमला बरोबर दोन पाळ्या मिळतात. दुसरं काहीही न बदलता खेळ एकदम लोण्यासारखा झाला, असं सांगणारे बहुतेक या प्रकारातले असतात.

आणि ऑनलाइन तुमच्या खेळात घुसलेला आक्रमक खेळाडू इकडून तिकडे उड्या मारतोय, पण तुमचं स्वतःचं पात्र, गवत, ढग सगळं सुरळीत आहे, तर तो नेटचा विषय आहे, ग्राफिक्सचा नाही. वायफायऐवजी केबल लावा किंवा गेमच्या नेटवर्क सेटिंगमध्ये ऑफलाइन निवडा. ऑफलाइनमध्ये दुसऱ्यांचे संदेश आणि रक्ताचे डाग दिसत नाहीत. 'पुढे खजिना आहे' असं लिहून कड्यावरून उडी मारायला लावणाऱ्यांना तुम्ही मुकाल, एवढंच.

ज्याच्या नादी लागू नये

ईझी अँटी-चीट हे फसवेगिरी रोखणारं सॉफ्टवेअर बाजूला सारून गेम थेट चालवण्याची युक्ती आणि ६० ची मर्यादा उठवणारे मॉड (गेममध्ये इतरांनी केलेले बदल), हे दोन्ही 'अटकणं थांबवतात' म्हणून सांगितले जातात. काहींना थोडा फरक पडतोही. पण तसा गेम चालवायचा तर पूर्ण ऑफलाइन, आणि ऑनलाइन जायच्या आधी सगळं मूळ जागी. बदललेल्या फाईल घेऊन ऑनलाइन गेलात तर 'अयोग्य हालचाल आढळली' असा संदेश येऊन दार बंद होतं आणि खात्यावर बंदी येण्याचा धोका आहे. मॉड काढल्यानंतरही तो संदेश येत असेल, तर स्टीममध्ये गेमवर उजवी टिचकी, प्रॉपर्टीज, इन्स्टॉल्ड फाईल्स आणि तिथे फाईलींची तपासणी करा. मॉडने टाकलेल्या जादा फाईल मात्र ती तपासणी काढत नाही, त्या हाताने शोधून काढाव्या लागतात.

विंडोज नव्याने टाकणं हा उपाय यात कुठेच बसत नाही. त्याने शेडरचा साठा शून्यावर येतो, म्हणजे पहिले दोन दिवस आधीपेक्षा जास्त झटके.

प्लेस्टेशन ५ वाल्यांसाठी थोडंसं. तिथे शेडरचा त्रास नाही, पण ६० फ्रेम कायम टिकत नाहीत. टीव्हीला व्हीआरआर (जी-सिंकसारखीच सोय) असेल तर चालू करा. नसेल तर एक आडवळणाचा पण चांगला मार्ग आहे: त्याच यंत्रावर गेमची प्लेस्टेशन ४ ची आवृत्ती टाका. चित्र थोडं साधं होतं, पण फ्रेम जवळपास ६० वर चिकटून राहतात. फक्त सेव्ह ४ वरून ५ कडे नेता येतं, ५ वरून ४ कडे नाही. त्यामुळे हे ठरवायचं ते लिमग्रेव्हमध्ये असतानाच, खूप पुढे लेंडेल राजधानीच्या दारात उभं राहून नाही.